रुमाल टाकलेली जागा

दिनकररावांच्या स्कूटरचा नंबर लागला, आणि त्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की स्कूटर उभी करायला अख्ख्या परभणीत जागा नाही.

अख्ख्या परभणीत म्हणजे वखार गल्लीत. दिनकररावांच्या लेखी परभणी तेवढीच होती. ऑफिस, एसटी स्टँड आणि स्टेशन ही त्यांना परगावंच वाटत; तिथं ते सायकल हाणत जात आणि घाम पुसत परत येत. स्कूटर नोंदवली तेव्हा त्यांची थोरली परकर-पोलकं घालून शाळेत जात होती. नंबर लागल्याचं पत्र आलं तेव्हा ती दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मधल्या काळात स्कूटर स्वर्गासारखी लांब होती, आणि स्वर्गात आपल्याला बसायला कुठं जागा मिळेल याची चौकशी कोणी आधी करून ठेवत नाही.

नोंदणी केली त्या दिवशी त्यांनी कमलबाईंना शब्द दिला होता, "पयली चक्कर पिंगळीला. तुझ्या माहेरी. तू मागं बसायचं." पिंगळी म्हणजे रेल्वेनं पुढचंच स्टेशन. पण गाडीतून उतरून पिशवी सांभाळत चालत जाणं वेगळं आणि नवऱ्याच्या मागं स्कूटरवर बसून भावजयीच्या दारात उतरणं वेगळं. कमलबाईंनी तो शब्द मिठाच्या बरणीसारखा जपून ठेवला होता. रोज लागत नाही, पण घरात आहे हे माहीत असतं.

आता गल्लीचं सांगायचं तर ती मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, पाठीमागं. पूर्वी तिथून एक बैलगाडी आणि एक भिडस्त गाय एकमेकींचा मान राखून जाऊ शकत. पुढं वालूरकडच्या जमीनदारांनी पोरांच्या शिक्षणासाठी इथं माड्या चढवल्या, माड्यांवर भाडेकरू आले, भाडेकरूंच्या सायकली आल्या, सायकलींमागून दोन सायकलरिक्षा आल्या. शिवाय कोपऱ्यावर माणिकरावांचं आडत दुकान होतं. बाजारच्या दिवशी त्यांच्याकडं माल घेऊन आलेल्या गाड्या गल्लीतच बैल सोडून उभ्या राहत. आणि बाजार नसेल तेव्हा त्यांची स्वतःची रिकामी बैलगाडी, दांड्या खाली टेकून, बरोबर दिनकररावांच्या दारासमोर असे.

"माणिकराव, ही गाडी इथंच कामून उभी असती?" दिनकररावांनी पत्र आल्यावर विचारलं.

"ती उभी नसती," माणिकराव म्हणाले. "ती तिथलीच हाय."

दिनकररावांनी गाडीची लांबी-रुंदी नजरेनंच मोजली. त्यांच्यातला अभियंता जागा झाला. वास्तविक ते अभियंता नव्हते. पाटबंधारे खात्यात ते अनुरेखक होते, म्हणजे साहेबानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड अंथरून तोच नकाशा पुन्हा काढायचा. साहेबानं चुकवलेला कालवा तितकाच चुकीचा, पण सुबक उतरवायचा, अशी ती नोकरी. आयुष्यभर दुसऱ्याच्या रेघा गिरवल्यावर माणसाला एकदा तरी स्वतःची रेघ ओढावीशी वाटते. दिनकररावांनी ठरवलं की वखार गल्लीचा वाहतूक व वाहनतळ आराखडा आपण करायचा.

ही बातमी गल्लीत पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. पहिले आले तात्याराव. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरचा माईक सुटून दोन उन्हाळे झाले होते, पण आवाज अजून माईकवरचाच होता.

"दिनकरराव, फलाट पाडा," ते म्हणाले. "गाडीला फलाट नसला की गाडी मोकाट होती. आमी स्टँडवर वसमतची गाडी एकदा जिंतूरच्या फलाटावर लावली तर आर्धी माणसं जिंतूरला गेली. त्यातली काही अजून तिकडंच हायेत."

सूचना पटली. पण गल्ली मोजायची कशी? टेपचं एक टोक भिंतीला लावून दुसरं ओढेपर्यंत मधून एक सायकल, दोन शेळ्या आणि एक भांडण जात असे. शेवटी विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यामुळं एक दिवस बाजार कडकडीत बंद राहिला आणि गल्ली प्रथमच रिकामी दिसली. दिनकररावांनी ती संधी साधली. ते टेप गुंडाळत असताना सत्यशीलाबाई मोर्च्याहून परतल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आणि गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर होतं. त्यांची लुना ही गल्लीतली पहिली पेट्रोलवर चालणारी आणि बाईनं चालवलेली गाडी. या दोन्ही गोष्टींची चर्चा करून गल्ली आता थकली होती.

"आमी तिकडं घसा बसवायलोत अन् तुमी इकडं गल्ली मोजायलाव," त्या हसून म्हणाल्या. त्यांनी कच्चा नकाशा पाहिला. "सर्व घरांसमोर चौकोन काढले तुमी. ज्याच्याकडं गाडी न्हाई त्याला चौकोन कशाला? जागा घराला देऊ नका, गाडीला द्या."

"बाई, गाडीला दिली तर सगळी माणिकरावाला जाईल. बाजारादिवशी साऱ्या गाड्या त्याच्याच."

"मग बगा बुवा," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "वर्गात मी एकदा ज्यांना पाटी न्हाई त्यांनाबी पाटी ठेवायला जागा दिली होती. दुसऱ्या दिवशी तिथं चिंचा होत्या."

दिनकररावांना हे उदाहरण शास्त्रीय वाटलं नाही. त्यांनी घर तिथं चौकोन हे तत्त्व कायम ठेवलं. सारा घोटाळा इथंच झाला, पण तो कळायला अजून अवकाश होता. मधे नगरपालिका होती.

नगरपालिकेतल्या कारकुनानं आराखडा उलटसुलट करून पाहिला आणि जुना दफ्तर-नकाशा काढला. तो निजामाच्या काळचा, उर्दूत लिहिलेला. तो वाचण्यासाठी एका म्हाताऱ्या शिपायाला बोलावलं. शिपायानं बोट फिरवलं आणि जाहीर केलं की वखार गल्ली म्हणून काही नाहीच, तिथं ओढा आहे.

"अहो, मी तिथं राहतो," दिनकरराव म्हणाले.

"राहात असाल साहेब. पण ओढ्यात राहता," कारकून म्हणाला. "ओढ्यात गाड्या लावायच्या तर पाटबंधारे खात्याची हरकत नाही असा दाखला आणा."

झालं. नगरपालिकेचं पत्र पाटबंधारे खात्यात आलं, टेबलांवरून उतरत उतरत दिनकररावांच्याच टेबलावर आलं, आणि त्यावर साहेबांचा शेरा होता की सदर ओढ्याची अनुरेखित प्रत जोडावी. दिनकरराव सरकारी नोकर होते. त्यांनी आपल्याच घरावरून निळ्या शाईनं ओढा नेला. प्रवाहाची दिशा दाखवणारा बाणही काढला. तो स्वयंपाकघरातून निघून माणिकरावांच्या दुकानात शिरत होता, एवढंच काय ते समाधान. ती प्रत पाहून साहेब म्हणाले, "ओढा दिसतोय की चांगला. मग हरकत नाही कसं म्हणावं?" या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत दिनकररावांनी स्वतःविरुद्ध तीन स्मरणपत्रं टाईप करून घेतली. अखेर साहेब बदलून गेले आणि नव्या साहेबांनी न वाचता सही केली. लोकशाहीत कामं होत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

चुन्याच्या फक्कीचं पोतं आणून दिनकररावांनी स्वतः चौकोन आखले. आखणी इतकी सुबक झाली की लोक रेघ ओलांडताना पाय उचलून टाकू लागले. मग चौकोनांना नंबर घालायची वेळ आली, आणि पहिल्या नंबरावरून ठिणगी पडली.

वालूरचे किशनराव, ज्यांची माडी गल्लीच्या आतल्या टोकाला होती, ते काठी टेकत आले. "आमच्या गावात पोळ्याला पयली बैलजोडी आमची निघती. मान हाय तो. हितं एक नंबर दुसऱ्याच्या दाराला दिसला तर गावात काय तोंड दावू?"

"वालूरचा मान वालूरला," माणिकराव कोपऱ्यावरून म्हणाले. "बाजाराचं तोंड माझ्याकडं हाय. एक नंबर माझा."

चौकोन गाड्यांसाठी आहेत, बैलांच्या मिरवणुकीसाठी नाहीत, हे दिनकररावांनी समजावून पाहिलं. त्यांचं ऐकून दोघांनी मान डोलावली आणि पुन्हा तेच बोलले. तोडगा तात्यारावांनी काढला: मोजणी दोन्ही टोकांकडून सुरू करायची. म्हणजे दोन्हीकडं एक नंबर. सगळ्यांना हे पसंत पडलं. दोन्हीकडून मोजत मोजत लोक मधोमध आले, तेव्हा तिथं दिनकररावांचं घर होतं. ज्यानं गल्ली मोजली, ओढा बुजवला आणि फक्कीनं हात सोलून घेतले, तो गृहस्थ इकडूनही शेवटचा होता आणि तिकडूनही. दिनकरराव त्या रात्री जेवले नाहीत. कमलबाईंनी झाकून ठेवलेली भाकरी पहाटे मात्र नव्हती.

पण मान गेला तरी जागा होती ना! दाराच्या समोर, स्कूटरच्या मापाची, पांढऱ्या रेघेत बसलेली. माणिकरावांनी बैलगाडी मुकाट्यानं आपल्या चौकोनात ओढून घेतली होती. दोन दिवस दिनकरराव दारात उभं राहून त्या रिकाम्या चौकोनाकडं पाहात होते. रिकाम्या जागेकडं पाहून माणसाला इतका आनंद होतो हे परभणीच्या बाहेर कोणाला पटणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्यारावांनी आपल्या चौकोनात एक रुमाल अंथरला आणि त्यावर दगड ठेवला.

"हे काय, तात्याराव?"

"जागा धरली."

"पण तुमच्याकडं गाडी कुठं हाय?"

"म्हणून तर धरली. गाडी असती तर गाडीच उभी केली नसती का?"

त्यात तात्यारावांचा दोष नव्हता. खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हा एसटीचा कायदा. तो छापलेला कुठंच नाही, पण त्याच्याविरुद्ध बोललेला माणूस स्टँडवरून धड परत आल्याचं कोणी पाहिलेलं नाही. आणि जागा रिकामी ठेवली की ती गेली, हे वखार गल्लीतलं शेंबडं पोरही जाणत होतं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक चौकोनात काहीतरी आलं. कुठं टोपी, कुठं टॉवेल, कुठं पिशवी. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि रुमालांनी एकमेकांच्या जागा घेतल्या, तेव्हा भांडणं झाली आणि लोकांनी जड वस्तू आणल्या. बादली आली, उखळ आलं, खाट आली. एका भाडेकरूनं शेळी बांधली. किशनरावांनी तर वालूरहून मोडकी बैलगाडी ट्रॅक्टरला बांधून मागवली आणि आपल्या एक नंबरात ठेवली. तिला एकच चाक होतं, पण मानाला तेवढं पुरतं.

आता गल्लीतल्या सायकली, रिक्षा आणि बाजारच्या गाड्या उभ्या कुठं राहणार? त्या मधोमध उभ्या राहू लागल्या. पूर्वी जी गल्ली कशीबशी वाहत होती ती आराखड्यानंतर तुंबली. सत्यशीलाबाई शाळेतून यायच्या तेव्हा त्यांच्या चौकोनात कोणाची तरी खाट असे, आणि खाटेवर कोणीतरी. "रिकामी होती, बाई," तो झोपेतच म्हणे. मग त्यांनीही लुना काढताना तिथं जुनं टायर टाकायला सुरुवात केली. ते टाकताना त्या दिनकररावांच्या घराकडं पाहायच्या. दिनकररावांना ते लागलं. त्यांनी स्वतः काय केलं होतं? ज्या फळीवर आराखडा काढला ती ड्रॉइंगची फळी त्यांनी आपल्या चौकोनात आडवी टाकली होती, आणि बाजारच्या दिवशी रजा काढून ते तिच्यावर बसत.

अशात स्कूटर आली. फिकट निळी, आरशात तोंड दिसेल अशी. दिनकररावांनी जावयाच्या स्कूटरवर मैदानात हात बसवून घेतला होता, त्यामुळं ते गल्लीत चालवत शिरले. अर्थात मधल्या रिक्षा, शेळ्या आणि पोती दूर करून त्यांना घरापर्यंत आणायचं काम तात्यारावांनी केलं. "बाजूला व्हा, बाजूला व्हा, दिनकररावांची गाडी फलाटावर येत आहे," असं ते पूर्ण आवाजात सांगत पुढं चालले. कमलबाईंनी कुंकू लावलं, नारळ फुटला, फळी उचलली आणि स्कूटर चौकोनात अशी बसली की दिनकररावांचे डोळे भरून आले. आयुष्यात एक तरी गोष्ट मापात बसली होती.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून त्यांनी ऑफिसला जाण्यासाठी किक मारली. कोपऱ्यावर माणिकराव बैलाच्या शेपटीशी हात ठेवून उभे होते. चौकोनात त्यांची एक गाडी होतीच. ही दुसरी होती, तुरीच्या पोत्यांनी भरलेली.

"निघायलाव का दिनकरराव?" माणिकरावांनी लय मायेनं विचारलं.

दिनकररावांनी गाडीकडं पाहिलं. मग आपल्या चौकोनाकडं पाहिलं. जड वस्तूंच्या त्या युगात फळीनं काय होणार होतं? ती बैलानं नाकानं सरकवली असती. त्यांनी स्कूटर बंद केली, रुमालानं सीट पुसली आणि सायकल बाहेर काढली.

त्यानंतर रोज हेच होऊ लागलं. सकाळी स्कूटर पुसायची, संध्याकाळी पुसायची, मधे सायकलवर ऑफिसला जायचं. ऑफिसात लोक विचारत, "स्कूटर आली ना?" दिनकरराव म्हणत, "आलीय. जाग्यावर हाय." तात्यारावांनी तर तोंडभर कौतुक केलं. "आख्खी नोकरी स्टँडवर गेली माझी. पण आसा रुमाल मी कुणी टाकल्याला पाहिला न्हाई."

कमलबाईंनी एकदा विचारलं, "पिंगळीला कधी जायचं?"

"जागा जाईल," दिनकरराव म्हणाले.

कमलबाईंनी पुन्हा विचारलं नाही. पण त्या आठवड्यात भाजीत मीठ कमी पडत राहिलं.

मग एका रविवारी सकाळी कमलबाई पाट आणि सुपात तुरीची डाळ घेऊन बाहेर आल्या. "गंजून जाईल ती गाडी. जावा तुमी चक्कर मारून. मी बसते जाग्यावर." स्कूटर काढल्याबरोबर त्या पाट टाकून चौकोनाच्या मधोमध बसल्या आणि डाळ निवडू लागल्या. कोपऱ्यावर माणिकराव दिसले. त्यांनी कमलबाईंकडं पाहिलं आणि बैल मागं घेतला. बाईमाणूस उठवायची त्यांची छाती नव्हती.

दिनकरराव स्टेशनपर्यंत गेले. वारा छातीवर येत होता, इंजिन गोड बोलत होतं, आणि तरी त्यांना मजा येईना. फाटकापाशी ओळखीचा एक पानवाला म्हणाला, "वा साहेब, नवी गाडी! वैनीला कुठं उतरवलं?" दिनकररावांनी नकळत मागं वळून पाहिलं. मागची सीट कोरी होती, दुकानातला प्लास्टिकचा कागदसुद्धा अजून तिच्यावर तसाच होता. जिच्यासाठी ही स्कूटर नोंदवली ती गल्लीत मातीवर बसून स्कूटरची जागा राखत होती. त्यांना लाज वाटली. साधी नाही, कानशिलं तापवणारी लाज वाटली. त्यांनी तिथंच गाडी वळवली.

"ऊठ," ते घरी येऊन म्हणाले. "चल पिंगळीला."

"अन् जागा?"

दिनकररावांनी खिशातून रुमाल काढला, चौकोनात अंथरला आणि त्यावर दगड ठेवला. सारी गल्ली पाहात होती. कमलबाई सूप आत ठेवून, लुगडं बदलून इतक्या पटकन आल्या की हे लुगडं पहिल्या दिवसापासून घडी काढून तयार होतं हे उघड झालं.

पिंगळीत काय झालं ते सविस्तर सांगत नाही. भावजयीनं स्कूटरला हात लावून पाहिला आणि चहात साखर जास्त घातली, एवढ्यावरून काय ते समजावं. येताना कमलबाई सारा रस्ता बोलत होत्या आणि वाऱ्यामुळं दिनकररावांना त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तरी ते हो हो म्हणत होते.

दिवस कलताना ते गल्लीत शिरले. दारासमोर तुरीच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी उभी होती.

"रुमालाला हात लावला न्हाई बरं मी," माणिकराव लगेच पुढं येऊन म्हणाले. "खोटं वाटत आसंल तर बगा. चाकाखाली हाय."

रुमाल खरोखर चाकाखाली होता. दगडही त्याच्या शेजारी नीट काढून ठेवलेला होता. वाकून पाहायला आलेले तात्याराव म्हणाले, "कायद्यानं जागा तुमचीच हाय, दिनकरराव." सत्यशीलाबाई आपल्या दारातून हे पाहात होत्या. त्या गल्लीतून चालत आल्या, दिनकररावांच्या भिंतीला टेकवलेली ड्रॉइंगची फळी उचलली आणि त्यांच्या उंबऱ्यावर उतरती लावली. "चढवा," त्या म्हणाल्या. "मी मागून लोटते." माणिकरावांनाही काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही एका बाजूनं हात लावला. ज्या फळीवर गल्लीचा आराखडा झाला होता तिच्यावरून स्कूटर बैठकीत चढली.

बैठक लहान होती. खुर्च्या माडीवर गेल्या, दिवाण भिंतीला लागला, आणि तरीही स्कूटरनं पाहुण्यांची सारी जागा खाल्ली. दिनकरराव दारात उभं राहून त्याकडं पाहात होते. बसायला जागा उरली नव्हती. स्कूटरला दारापर्यंत वाट द्यायला बैलगाडी जराशी सरकवताना माणिकरावांनी रुमाल काढून दिला होता. त्यावर चाकाची लोखंडी धाव जशीच्या तशी उमटली होती. कमलबाईंनी तो झटकला, मागच्या सीटवरचा प्लास्टिकचा कागद टराटरा फाडून काढला आणि सीटवर रुमाल अंथरला.

"ही जागा माझी," त्या म्हणाल्या, आणि त्यावर चढून बसल्या. "च्या इथंच आणा."